सशाचे कॅल्शियम आणि तुमचे कॅल्शियम

‘प्राण्यांवरील प्रयोगात हाडे मजबूत झाली’ असे जाहिरातीत वाचून लगेच गोळ्या सुरू करू नका. आधी प्राणी कोणता ते पाहा.

शरीरातल्या खनिजांचा हिशोब आता संगणकावर मांडता येतो. आतडे, रक्त, हाडे, मूत्रपिंड हे जणू नळांनी जोडलेले हौद. कुठून किती कॅल्शियम कुठे जाते याची समीकरणे केली जातात. पद्धत चांगली आहे. पण एका प्राण्याचे आकडे दुसऱ्याला लावले, की उत्तर चुकते.

सशाचेच बघा. आपले आतडे ड जीवनसत्त्वाच्या मदतीने साधारण गरजेपुरते कॅल्शियम घेते, उरलेले शौचावाटे जाते. ससा मात्र खाल्लेल्यापैकी बरेचसे शोषून घेतो आणि जास्तीचे लघवीतून टाकतो. म्हणून निरोगी सशाचीही लघवी गढूळ, पांढरट दिसते. (तुमची तशी दिसली तर तपासून घ्या!) मेंढीत जादा तांबे यकृतात साठत जाते, डुकरांना चालणारे तांबेयुक्त खाद्य तिच्या जिवावर बेतू शकते.

त्यामुळे वजनाच्या हिशोबाने उंदराचा डोस गुणून माणसाला देणे मला मान्य नाही. मुतखडा होऊन गेला असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊच नका. इतरांनीही गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना जरूर विचारावे: ही मात्रा माणसांवर तपासली आहे का, आणि माझ्या आहारातून किती कॅल्शियम आधीच मिळते?