जळालेला एलईडी



गेल्या महिन्यात धाकट्या मुलीने शाळेच्या प्रदर्शनासाठी आणलेला छोटा लाल एलईडी ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला थेट जोडला. क्षणभर लखलखला आणि कायमचा विझला. "हात लावू नकोस म्हटलं होतं ना!" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. ते गिळले.

लहानपणी मी घरातला रेडिओ उघडला होता, तेव्हा वडिलांनी चोपून काढले होते. त्यांचे चुकले असे म्हणवत नाही, रेडिओचे हप्ते फिटायचे होते. पण त्यानंतर मी कधी स्क्रू-ड्रायव्हर हाती धरला नाही. आपल्या वस्तीतल्या किती घरांत "हात लावू नकोस" हाच विज्ञानाचा पहिला धडा असतो! मग मुलगा आयटीआयला जातो आणि तिथे मल्टिमीटर आयुष्यात प्रथम पाहतो.

एलईडी तर कटिंग चहापेक्षा स्वस्त. तो का जळाला, हे शोधायला आम्ही दोघे बसलो. एलईडीला स्वतःहून करंट आवरता येत नाही, त्याच्या वाटेत रेझिस्टर घालावा लागतो. किती ओहमचा? इथे माझे बी.कॉम. कामी आले, कारण ही साधी वजाबाकी-भागाकाराची बाब आहे. बॅटरी ९ व्होल्ट, लाल एलईडी घेतो सुमारे २, उरले ७. करंट हवा १५ मिलिअँपिअर, म्हणजे ०.०१५ अँपिअर. ७ भागिले ०.०१५ बरोबर सुमारे ४६७. बाजारात ४७० ओहमचा रेझिस्टर मिळतो. पिवळा, जांभळा, तपकिरी असे पट्टे आणि शेवटी सोनेरी. एलईडीचा लांब पाय धन बाजूला. दिवा लागला, टिकला.

नंतर मुलीनेच ४७० काढून १००० ओहमचा लावला. दिवा मंद झाला. बाप सांगतो म्हणून खरे मानू नये, स्वतः पडताळावे, हे कालामांना तथागतांनी सांगितलेलेच आहे.

खरेदीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. रंगीत खोक्यातला तयार संच पहिल्या दिवशी घेऊ नका. पुस्तिकेबरहुकूम तो एकदा जुळतो आणि फळीवर जाऊन बसतो. त्यापेक्षा एक ब्रेडबोर्ड, थोड्या वायरी, पाच-सहा एलईडी, ४७०, १००० आणि १०,००० ओहमचे रेझिस्टर आणि एक साधा मल्टिमीटर घ्या. ब्रेडबोर्डवर सोल्डरिंग लागत नाही, भाग काढून पुन्हा वापरता येतात. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठ इथे हे सुटे मिळते. दुकानात गर्दी असते, दुकानदार घाईत असतो, म्हणून यादी लिहून न्या. आणि मुलीला सोबत न्या. "भाऊ करील, तू नुसती बघ" हे वाक्य आपल्याही घरांत ऐकू येते, बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर असताना!

एक गोष्ट मात्र कडक पाळावी. घरच्या विजेला हात नाही. जुना टीव्ही, चार्जर उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते. पहिले वर्षभर खेळ बॅटरीवरच.

मल्टिमीटर प्रत्येक घराने घेण्याची गरज नाही. आमच्या विहारात आम्ही वर्गणी काढून एक घेतला, ग्रंथालयाच्या कपाटात ठेवला आणि पुस्तकाप्रमाणेच वहीत नोंद करून देतो. रविवारच्या वंदनेनंतर दहा-बारा मुले सतरंजीवर बसतात. आतापर्यंत सात एलईडी जळाले. त्याचीही नोंद वहीत आहे, कोणी आणि कशामुळे यासकट.

येत्या रविवारी ५५५ हा आयसी घेणार आहोत. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ साली रचलेली ही आठ पायांची चीज आजही दुकानात मिळते. तिला १०,००० आणि ६८,००० ओहमचे दोन रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर योग्य पायांना जोडला, की एलईडी साधारण सेकंदाला एकदा मिचकावतो. सामान विहारात आहे. बॅटरी मात्र ज्याची त्याने आणावी.