पेटी आपणच उघडायची



हा अंक तुमच्या हाती उशिरा पडतो आहे. त्याचं कारण सांगायला संकोच वाटतो, पण सांगते. कार्यालयातला संगणक बंद पडला. पंखा फिरायचा, आतून पीं-पीं आवाज यायचा, पडदा मात्र काळा. आम्ही तो रिक्षात घालून दुकानात नेला. दुकानदाराने पासवर्ड विचारला, मी तो चिठ्ठीवर लिहून दिला. तीन दिवसांनी भलंमोठं बिल आलं आणि आठवड्याभरात पुन्हा तोच काळा पडदा.

या वेळी आमच्यातल्याच एका कार्यकर्तीने स्क्रू ड्रायव्हर मागितला. ती एरवी शिवणवर्ग चालवते. तिने वायर भिंतीतून काढली, चालू करायचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, पेटीच्या धातूला हात टेकवला (अंगातल्या स्थिर विजेनेही आतले भाग बिघडतात) आणि रॅमची पट्टी काढली. तिच्या सोनेरी कडेवर शाळकरी खोडरबर हलकेच फिरवलं, भुगा झटकला, पट्टी परत खटकन बसवली. संगणक सुरू! ‘मशीनला तेल घालते, बॉबिन साफ करते, त्यातलंच हे,’ असं म्हणून ती चहा ठेवायला गेली.

बिलाचं मला फारसं वाईट वाटलं नाही. मला झोप लागली नाही ती त्या चिठ्ठीमुळे. त्या संगणकात आपल्याकडे आलेल्या बायकांचे जबाब होते, नावं-पत्ते होते, कोण सध्या कुठे राहते आहे हेही होतं. तीन दिवस ते सगळं एका परक्या दुकानात उघडं पडलं होतं. दुकानदाराने काही पाहिलं असेल असं मी म्हणत नाही. पण त्याने पाहिलं नाही, असं मी त्या बायकांना छातीठोकपणे सांगू शकत नाही. चूक माझी होती.

आपल्याला लहानपणापासून ‘विजेच्या वस्तूंना हात लावू नको’ असं सांगितलं गेलं. फ्यूज गेला की भावाला हाक. खरं तर १९४६ साली अमेरिकेत ‘एनियॅक’ हा अवाढव्य संगणक जगापुढे आला, तेव्हा त्याच्या तारा जोडून, स्विच लावून त्याला गणितं करायला लावणाऱ्या सहा जणी बायकाच होत्या!

म्हणून थोडं कामाचं बोलते. वॉरंटी संपलेली असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी पेटी उघडून मऊ ब्रशने धूळ झाडा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, फुंकरीच्या जोराने ती गरगर फिरू देऊ नका. धुळीने वारा अडतो, यंत्र तापतं आणि संथ होतं. वीजपुरवठ्याचा डबा मात्र कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. संगणकाची तारीख वारंवार मागे जात असेल, वेबसाइट उघडताना सुरक्षिततेचे इशारे येत असतील, तर बहुधा मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. सीआर २०३२ म्हणून मागा, स्वस्तात मिळते. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज आला तर बाकी सगळं सोडून आधी फाइलींची नक्कल काढा. एरवीही एक नक्कल वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या जागी हवीच. ‘विंडोज १०’चं नेहमीचं पाठबळ कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवलं, जुन्या यंत्रावर फुकट मिळणारं लिनक्स चालतं का ते पाहायला हरकत नाही.

दुरुस्तीला द्यायचाच झाला तर डिस्क काढून घेऊन द्या. ते शक्य नसेल तर दुरुस्ती आपल्यासमोर बसून करून घ्या. फाइल पुसली म्हणजे गेली असं समजू नका, साध्या डिस्कवर ती जागा नव्या मजकुराने भरेपर्यंत ती परत काढता येते.

घरच्या संगणकाचं दुखणं आणखी वेगळं. नवऱ्याकडे मुख्य खातं असेल तर तुमचं वेगळं खातं तो उघडू शकतो. अर्ज, वकिलाची पत्रं तिथे ठेवू नका. आणि सगळा इतिहास एकदम पुसूही नका, कोरी पाटी पाहूनच संशय येतो. त्यापेक्षा केंद्रावर या, इथल्या यंत्रावर लिहा.

ज्यांचे जबाब त्या संगणकात होते, त्यांच्याकडे मी एकेक करून जाते आहे. झालं ते सांगते आहे. दोघी रागावल्या, एकीने फक्त पत्ता बदलायला मदत मागितली. आता जबाबांची डिस्क कुलपात असते आणि किल्ली दोघींकडे.

पुढच्या शिबिरात एक जुना संगणक मधोमध ठेवणार आहोत. येताना स्क्रू ड्रायव्हर आणि खोडरबर आणा.