अल्प मात्रेचा हिशेब

अंबरनाथच्या बुवापाड्यातील गृहिणी पाणी शुद्ध करण्याचे जे यंत्र विकत घेते, त्याच्या खोक्यावर ‘नॅनो सिल्व्हर’ ही अक्षरे ठळकपणे छापलेली असतात. परंतु ती चांदी किती, आणि गाळणी जुनी झाल्यावर तिच्यातील किती शिल्लक राहते, याविषयीचा मजकूर तेथे सहसा आढळत नाही, आणि माझ्या मते सारा प्रश्न या मात्रेचाच आहे.

चांदीचे सामर्थ्य निर्विवाद आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. किशोर पाकणीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जखमांसाठी रौप्यकणांचे जे जेल सिद्ध केले, त्याचा महाराष्ट्राने अभिमानच बाळगावा. पण तेथे मात्रा ठरवून दिलेली असते. शंभर नॅनोमीटरहूनही सूक्ष्म अशा कणाला प्राणवायूचा स्पर्श झाला की त्यातून हळूहळू चांदीचे विद्युत्भारित अणू सुटतात, ते जीवाणूच्या प्रथिनांतील गंधकाला जखडतात, आणि त्याचे श्वसन बंद पाडतात. हे अणू अपुरे पडले म्हणजे मात्र निराळाच प्रकार घडतो. अमेरिकेतील राइस विद्यापीठात २०१२ साली झालेल्या प्रयोगांत, मारक मात्रेहून कमी चांदी मिळालेल्या ई. कोलाय जीवाणूंचे तगण्याचे प्रमाण घटण्याऐवजी ६ ते १३ टक्क्यांनी वाढले. पुढे २०१८ साली चेक संशोधकांनी दाखविले की, अशा अपुऱ्या मात्रेशी वारंवार गाठ पडलेले जीवाणू आपल्या कशाभिकेतील (पोहण्याच्या शेपटीतील) फ्लॅजेलिन हे प्रथिन बाहेर सोडतात, त्यायोगे रौप्यकण एकमेकांस चिकटून त्यांचे गठ्ठे होतात व ते निष्प्रभ ठरतात. आणि डाळिंबाच्या सालीच्या अर्काने त्या प्रथिनाची निर्मिती रोखली असता चांदीचा प्रभाव पुन्हा प्रकट होतो. प्रतिजैविकांचा अर्धवट डोस घेऊ नये असे आपण रुग्णाला बजावतो, मग धातूच्या अर्धवट डोसाबद्दल आपण इतके निश्चिंत का असावे?

अंबरनाथकरांना या प्रश्नाची निकड अधिक आहे. काकोळ्याच्या डोंगरातून निघून, शके ९८२ मधील शिवमंदिराजवळून उल्हासनगरकडे जाणाऱ्या वालधुनी नदीत कारखान्यांचे पाणी आणि घरोघरचे सांडपाणी एकत्र होते. म्हणजे धातूंचे अंश, प्रतिजैविकांचे अंश आणि जीवाणू यांची तेथे रोजची गाठ पडते. धातूला दाद न देण्याची व औषधाला दाद न देण्याची जनुके पुष्कळदा एकाच प्लाझमिडवर, म्हणजे जीवाणूतील डीएनएच्या छोट्या सुट्या वर्तुळावर, असतात, आणि असे प्लाझमिड एक जीवाणू दुसऱ्यास देऊ शकतो. नाल्यातील गंधकाशी संयोग पावून चांदीचा बराच अंश निष्क्रिय होतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु तांबे आणि जस्त या इतर धातूंचा प्रश्न तेवढ्याने मिटत नाही. नदीत सोडावयाच्या पाण्यासाठी सरकारी मानकांनी तांब्याला लिटरमागे ३ मिलिग्राम व जस्ताला ५ मिलिग्राम अशी मर्यादा घातली आहे. ती केवळ वजनाची आहे. तेवढ्या धातूत वाढणारा जीवाणू कोणत्या औषधाला दाद देत नाही, याची नोंद सरकारी दप्तरात होत नाही.

ती व्हावी, अशी माझी मागणी आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाने वालधुनीच्या पाण्यातील धातूंबरोबर तेथील जीवाणूंची औषधरोधकताही ठरावीक मुदतीने तपासावी, नगरपालिकेने तो अहवाल मराठीतून जाहीर करावा, आणि ‘नॅनो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाळणीवर धातूची मात्रा व गाळणी बदलण्याची मुदत छापण्याची सक्ती सरकारने करावी.