आधी हात धुऊन ये!

परवा भाचीचा फोन आला. नर्सिंग पूर्ण करून नुकतीच एका हॉस्पिटलात ओटीला लागली आहे. आवाज रडवेला. ऑपरेशनच्या आधी तिने हातांना अल्कोहोलचं रब लावलं, तर तिथल्या मोठ्या सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बाई, आधी हात धुऊन ये!" "मावशी, माझं काय चुकलं गं?"

काहीच नाही. पण त्या सिस्टरांवरही मला रागावता येईना. त्यांच्या जागी कित्येक वर्षं मीच होते की!

सव्वीस वर्षं ओटीत काढली. ब्रश, साबण, कोपरापर्यंत हात आणि समोर भिंतीवरचं घड्याळ. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. मग हात वर धरून, कशालाही न शिवता आत जायचं. आजीचं सोवळं आठवायचं अगदी. कातडी सोलवटायची, थंडीत भेगा पडायच्या, आणि त्याचाही आम्हाला अभिमान! भेगाळलेल्या कातडीत जंतूंचं जास्त फावतं हे फार उशिरा कळलं. आता तर जागतिक आरोग्य संघटनाच ब्रश वापरू नका म्हणते.

फ्रान्समध्ये दोन्ही पद्धतींची तुलना झाली होती, २००२ साली ती छापून आली. चार हजारांवर पेशंट. जखमेत जंतुसंसर्ग झाला तो रबच्या गटात २.४४ टक्के, घासून धुण्याच्या गटात २.४८. म्हणजे सारखंच. पण मला खरा धक्का बसला तो दुसऱ्या आकड्याने. ठरलेला वेळ पाळणारे धुणाऱ्यांत २८ टक्के आणि रबवाल्यांत ४४! तिथेही निम्म्याहून जास्त लोक घाईतच.

आणि आम्ही? आमच्या गावी एप्रिल-मे महिन्यात टँकर यायचा. तो आला नाही की दहा मिनिटांचं मिनिटभर व्हायचं, आणि घासलेल्या हातांवर शेवटी पडायचं ते टाकीच्या तळाचं पाणी. अशाच एका उन्हाळ्यात हर्नियाच्या एका आजोबांची जखम चिघळली. कारण तेच होतं असं नाही म्हणता येणार. पण ते आजोबा अजून आठवतात. तेव्हा रब असतं तर निदान पाण्याची तरी चिंता नसती.

म्हणून माझं मत रबच्या बाजूने. मात्र पूजेतल्या आचमनासारखं पळीभर घेऊन भागत नाही हं! हात मळलेले असतील तर आधी साबणानेच धुवायचे, कारण मळावर अल्कोहोल चालत नाही. नीट कोरडे करायचे. मग नखांच्या टोकांपासून कोपरापर्यंत, बाटलीवर लिहिलेला पूर्ण वेळ हात ओले राहतील इतकं रब घ्यायचं. आणि ते आपोआप वाळू द्यायचं. ओल्या हातावर ग्लोव्ह चढवायचा नाही. ग्लोव्ह आहेत ना, असंही म्हणू नका. त्यांना बारीक भोक पडलं तर कळतसुद्धा नाही.

भाचीला हे सगळं सांगितलं. म्हणाली, "पण त्या ऐकणार नाहीत गं." म्हटलं, भांडू नकोस. उद्या त्यांच्यासमोर घड्याळ लावून रब कर. आणि चहाच्या वेळी त्यांचे हात बघ, भेगा असतील. तिथून विषय काढ.

अजून फोन आलेला नाही. वाट बघतेय.