शिष्यवृत्तीतील दुसरा वाटा

शिष्यवृत्ती म्हणजे गुणवंत विद्यार्थ्याला दिलेले आर्थिक साहाय्य, असा सर्वसाधारण समज असला, तरी केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर’ योजनेतील उच्च शिक्षण शिष्यवृत्तीची रचना त्याहून व्यापक आहे. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या पदवी विद्यार्थ्यासाठी वर्षाला ठरवलेल्या 80,000 रुपयांपैकी 60,000 रुपये त्याच्या हाती पडतात आणि उरलेले 20,000 रुपये एखाद्या प्राध्यापकाच्या किंवा शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली करायच्या उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी असतात. हा दुसरा वाटा केवळ शोभेचा आहे, असे मानणाऱ्यांचे तीन आक्षेप तपासून पाहण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप असा की, पाया पक्का होण्याआधी संशोधनाच्या मागे लागणे व्यर्थ असून पदवीच्या वर्षांत अभ्यासक्रम पुरा झाला तरी पुरे. परंतु अभ्यासक्रमातील प्रात्यक्षिकाचे उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे विद्यार्थी ब्युरेटवरील रीडिंग त्या उत्तराशी जुळवून जर्नलमध्ये उतरवतो, त्यावर सही मिळते आणि चूक कोठून आली हा प्रश्न विचारलाच जात नाही. प्रकल्पात जुळवून घ्यायला तयार उत्तरच नसते; त्यामुळे न जुळणारे रीडिंग खोडून न टाकता त्याचे कारण शोधावे लागते आणि खरा पाया तेथेच पक्का होतो.

दुसरा आक्षेप असा की, शिष्यवृत्ती मिळवणारी मुले मुळातच हुशार असतात, त्यांना वेगळ्या मार्गदर्शनाची गरज नाही. अमेरिकेत मेरिलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेत 1988 मध्ये स्थापन झालेल्या मायरहॉफ कार्यक्रमाचा अनुभव याच्या उलट आहे. तेथे शिष्यवृत्तीला प्राध्यापकांचे मार्गदर्शन आणि प्रयोगशाळेतील काम यांची जोड दिलेली आहे. निवड होऊनही अन्यत्र शिकायला गेलेल्या, म्हणजे गुणवत्तेत तुल्य असलेल्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत कार्यक्रमातील विद्यार्थी विज्ञानातील पीएच.डी.कडे सुमारे पाचपट अधिक प्रमाणात वळल्याचे त्याच्या मूल्यमापनात आढळले. हा फरक निव्वळ हुशारीच्या खात्यावर मांडता येत नाही.

तिसरा आक्षेप प्राध्यापकांच्या वेळेचा असून त्यात तथ्य आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते. त्यात परीक्षा, प्रवेश आणि समित्यांच्या कामांची भर पडली की मार्गदर्शन उरल्यासुरल्या वेळेवर येऊन पडते. मात्र यावरून मार्गदर्शन अनावश्यक ठरत नाही. ते कार्यभारात, म्हणजे प्राध्यापकाच्या मोजल्या जाणाऱ्या तासांत, धरले पाहिजे एवढेच सिद्ध होते.

आक्षेपांचे निरसन झाल्यावर मांडायचे उरते ते हे की, ज्याच्या घरात पदवीपर्यंत कोणी शिकलेले नाही, त्याला पैशाइतकीच वाट दाखवणाऱ्याची गरज असते. कोणत्या प्रयोगशाळेला पत्र लिहावे आणि त्यात काय लिहावे, हे त्याला शिक्षकाखेरीज सांगणार कोण? मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा राष्ट्रीय उपक्रम अशी संधी देतो, पण एका केंद्राने साऱ्या महाविद्यालयांची उणीव भरून निघणे शक्य नाही. नव्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण मिळवणाऱ्यालाच चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सची वाट खुली होते, म्हणजे संशोधन हे शिक्षणाचे साधन न राहता गुणांचे बक्षीस ठरते. म्हणून शिष्यवृत्तीधारकाला पहिल्याच वर्षी मार्गदर्शक नेमून द्यावा, त्या मार्गदर्शकाचे तास कार्यभारात मोजावेत आणि योजनेचे यश वाटलेल्या रकमेबरोबरच पूर्ण झालेल्या प्रकल्पांवरूनही ठरवावे.