उपदेश सायकलवाल्यालाच का?

मंडळी, सायकलवाला गाडीखाली आला की पहिला प्रश्न काय विचारतात, लक्ष दिले आहे का? "हेल्मेट घातलं होतं का?" आणि लगेच दुसरा, "पण एवढ्या रहदारीत सायकल न्यायचीच कशाला?" गाडी किती वेगात होती हे विचारायची पाळी आलीच तर सगळ्यात शेवटी येते.

आमच्या नात्यातही हाच सूर. भाचेजावई म्हणतात, "मावशी, आजकाल मुलाला सायकलने शाळेत पाठवणं म्हणजे जिवाशी खेळ." म्हणून ते त्याला गाडीने सोडतात. शाळा दीड किलोमीटरवर. सकाळी शाळेच्या दारात गाड्यांची जी झुंबड उडते तिच्यात एक गाडी त्यांची असते, आणि त्या झुंबडीला घाबरून आणखी चार घरांतल्या सायकली जिन्याखाली जातात! जावईबापू हे वाचतील आणि रागावतील, पण गाड्यांच्या भीतीवर उपाय म्हणून आणखी एक गाडी, हे गणित मला काही सुटत नाही.

हेल्मेट घालू नका असे मी म्हणत नाही, जरूर घाला. पण ते कशासाठी बनवले आहे तेही समजून घ्या. सायकलवरून पडल्यावर डोके आपटू नये, म्हणून. त्याची चाचणी साधारण दीड-दोन मीटर उंचीवरून खाली टाकून घेतात. ताशी ६० किलोमीटरने येणाऱ्या मोटारीपुढे ते काय करणार? मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, पण शेजारच्या वर्गातले गतिज ऊर्जेचे सूत्र भिंतीपलीकडून इतकी वर्षे ऐकले की पाठ झाले. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतरही जवळपास चौपट. ताशी ६० म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. चालकाने दोन सेकंद मोबाईलकडे पाहिले तर तेहतीस मीटर गाडी आंधळी धावते. आणि उपदेश कुणाला? तर ज्याच्याकडे घंटी आहे त्याला!

पुण्याला हे शिकवावे लागावे याचे वाईट वाटते. सायकलींचे शहर म्हणून मिरवलेले गाव हे. त्या काळी सायकलवाल्याला शिस्त लावण्यात यंत्रणा अगदी तत्पर होती. सायकलला बिल्ला हवा, अंधार पडला की दिवा हवा, डबलसीट दिसला की शिट्टी. तेव्हा पोलिसाला चुकवून गल्लीबोळातून सटकलेले माझ्या वयाचे पुष्कळ जण हे वाचत असतील. तीच तत्परता भरधाव मोटारीसाठी कुठे आहे?

२००६ साली बीआरटी आली तेव्हा सातारा रस्त्याला सायकल ट्रॅक मिळाले. २०१७ साली महापालिकेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, कागदावर ८०० किलोमीटरहून अधिक मार्ग. आता कुठल्याही ट्रॅकवर जाऊन बघा. मध्येच विजेचा डीपी, पुढे रसवंतीचे गुऱ्हाळ, त्यापुढे तिरक्या लावलेल्या स्कूटर, आणि मग चौक यायच्या आधी, म्हणजे जिथे खरी गरज असते नेमका तिथे, ट्रॅक गायब. मग सायकलवाला रस्त्यावर उतरतो आणि मागचा मोटारवाला हॉर्न वाजवून सांगतो, "ट्रॅक दिलाय ना तुम्हाला!"

"आपल्याकडे असंच चालायचं," हे उत्तर मी ऐकणार नाही. हॉलंडचे उदाहरण दिले की लोक म्हणतात, ते लोकच वेगळे. अजिबात नाही. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचे नावच होते 'मुलांच्या हत्या थांबवा'. अपघात नव्हे, हत्या! पुढे तिथे वस्तीतल्या रस्त्यांवर वेग ३० वर आणला, मोठ्या रस्त्यांवर सायकलींसाठी वेगळी वाट काढली आणि मोटारीने सायकलला धडक दिली तर भरपाईची जबाबदारी मुळात मोटारवाल्याची, असा कायदा केला. आज तिथे रोजच्या सायकलस्वारांत हेल्मेट घातलेला माणूस शोधावा लागतो.

शहराचे जाऊ द्या, निदान गाडीचा पर्याय असलेल्यांचे तरी. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. उत्तम योजना! सायकल नसेल तर त्यातल्या कितीतरी मुली आठवीनंतर घरी बसतील. पण शाळा हायवेच्या पलीकडे असते. हायवे चौपदरी झाला, दुभाजक आला, आणि वळायची जागा पार लांब. मग ती मुलगी कडेकडेने उलट दिशेने येते, समोरून ट्रक. तिचे काही बरेवाईट झाले की पंचनाम्यात काय लिहितील? सायकलस्वार विरुद्ध दिशेने येत होती. तिच्या शाळेपुढे वेग ३० वर आणणारे उंचवटे आणि सायकल घेऊन जाता येईल असा एक भुयारी रस्ता, एवढे तरी रस्ता रुंद करणाऱ्या कंत्राटातच लिहिलेले हवे. सायकल एका खात्याने द्यायची आणि रस्ता दुसऱ्या खात्याने कापायचा, या दोन खात्यांची कधी एकत्र बैठक होते का, हे मी माहितीच्या अधिकारात विचारणार आहे. अर्ज लिहून तयार आहे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प तेवढा आणायचा आहे.