एकटं कोण बसलं होतं?

मधल्या सुट्टीत एखाद्या मुलाला ‘जाड्या’, ‘काळ्या’, ‘तोतऱ्या’ म्हणत घेरलं जातं, तेव्हा आपण शाळेकडे बोट दाखवतो. पण हे शब्द मुलं बहुतेक वेळा घरूनच दप्तरात घालून नेतात. बाबा कामाला येणाऱ्या मावशींशी कसे बोलतात, लग्नघरात भाचीच्या रंगावरून कोण हसतं, हे तेरा-चौदा वर्षांची पोरं बारकाईनं टिपत असतात. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या १९६१ सालच्या प्रयोगात, मोठ्यांना बाहुली बडवताना पाहिलेली चिमुरडी मुलंही तशीच बडवू लागली होती. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिलं, की दादागिरीत छळणारा आणि सोसणारा असे दोघेच नसतात. साथ देणारे, हसून चेतवणारे, लांब राहणारे आणि पाठीशी उभे राहणारेही असतात. आपलं मूल यांतलं कोण होईल, यात घराचा वाटा मोठा असतो. ‘मार खाऊन आलास? दोन ठेवून द्यायच्यास!’ हे वाक्य हात उगारायला शिकवतं. ‘आपल्याला काय करायचंय, तू तुझा अभ्यास बघ’ हे वाक्य मान फिरवायला शिकवतं, आणि ते मला जास्त घातक वाटतं. म्हणून आज जेवताना मार्कांआधी एवढंच विचारा: ‘आज वर्गात एकटं कोण बसलं होतं?’ आणि मूल बोलू लागलं की मध्ये न तोडता ऐका. ज्याचं घरात ऐकलं जातं, त्याला दुसऱ्याचं रडू ऐकू येतं.